प्रवासाचा लॅपटॉप घेताना आधी चार्जर उचलून बघा

"हलका हवा, पन्नासच्या आत बसला पाहिजे आणि दिवसभर चालला पाहिजे." फिरतीवर असणाऱ्या कुणालाही विचारा, मागणी हीच असते. नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठणारे पासधारक, अंबडहून चाकणला ये-जा करणारे इंजिनिअर, दिंडोरी-निफाडच्या बागा फिरणारे द्राक्ष सल्लागार, ऑडिटसाठी मालेगाव-धुळे करणारी सीएच्या ऑफिसातली पोरं, सगळ्यांची एकच. मागणी रास्त आहे. घोळ होतो तो दुकानात. एम. जी. रोड असो की कॉलेज रोड, काउंटरवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सर, आय-फाइव्ह आहे, सोळा जीबी, पाचशे बारा. डोळे झाकून घेऊन जा."

प्रोसेसर, रॅम आणि साठवण यांचे ते तिन्ही आकडे खरे असतात. पण ते टेबलाशी बसून काम करणाऱ्याच्या कामाचे. ज्याचा लॅपटॉप निम्मा वेळ पाठीवर आणि उरलेला मांडीवर असतो, त्याला चार वेगळ्या आकड्यांनी फरक पडतो: सगळं मिळून वजन किती, बॅटरी किती वॉट-अवरची (म्हणजे किती मोठी), चार्जिंग कुठल्या पोर्टमधून होतं आणि स्क्रीन किती निट्सचा (म्हणजे किती उजेडाचा). दुकानदार हे आपणहून सांगत नाही, कारण गिऱ्हाईक विचारत नाही. यातल्या चार्जिंगच्या प्रश्नापाशी बाकीचे तिन्ही येऊन अडकतात, म्हणून मी सगळ्यांना आधी चार्जर उचलून बघायला सांगतो.

कंपनी जे वजन छापते ते नुसत्या मशीनचं. १५.६ इंची साधा लॅपटॉप १.६ ते १.८ किलोचा असतो. त्याच्यासोबतचा जुन्या धाटणीचा काळा ठोकळा आणि भिंतीकडे जाणारी जाड वायर धरली की आणखी ३०० ते ४०० ग्रॅम. जाडजूड बॅग तीन पाव किलोची. म्हणजे घरातून निघतानाच पाठीवर तीन किलो चढले, त्यात डबा आणि पाण्याची बाटली अजून यायची आहे. याउलट १४ इंची मशीन १.३ ते १.४ किलोत मिळतं आणि ते सी-टाइपवर चार्ज होत असेल तर नवीन पद्धतीचा ६५ वॉटचा छोटा चार्जर केबलसकट २०० ग्रॅमच्या आत बसतो. हा चार्जर लहान असण्याचं कारण आतलं सामान. त्यात सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर असतात. ते कमी तापतात आणि जास्त वेगानं उघड-मीट करतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो. बाजारात त्याला 'गॅन चार्जर' म्हणतात.

१४ इंचांचा आग्रह मी वजनासाठी जेवढा धरतो, त्याहून जास्त जागेसाठी धरतो. १५.६ इंची लॅपटॉपची रुंदी साधारण ३६ सेंटिमीटर, १४ इंचीची ३२ च्या आसपास. चार सेंटिमीटर ऐकायला काहीच नाहीत. पण पुण्याच्या एसटीत सिन्नर सोडलं की पुढचा माणूस सीट मागे टाकतो. १५ इंची स्क्रीन तेव्हा अर्धवट उघडलेल्या दारासारखा अडकतो, मान वाकवून आणि कोपरं बरगड्यांना दाबून टाइप करावं लागतं. मोठ्या लॅपटॉपवर उजवीकडे आकड्यांच्या कळांचा वेगळा गठ्ठा असतो, त्यामुळे टायपिंगची जागा डावीकडे सरकते आणि शेजाऱ्याच्या पोटात तुमचं कोपर जातं. हिशेबाचं काम करणाऱ्यांना तो गठ्ठा सोडवत नाही हे मान्य. त्यांनी सुटा यूएसबी नमपॅड घ्यावा. तो ऑफिसात ठेवता येतो.

आता मुद्द्याचं. स्वस्तात हलका लॅपटॉप कंपन्या बनवतात कसा? मॅग्नेशियमचा किंवा कार्बन फायबरचा सांगाडा महाग पडतो, तो या किमतीत शक्य नाही. मग वजन काढायचं कुठून? बॅटरीतून. लिथियमच्या बॅटरीत दर वॉट-अवरमागे चार-पाच ग्रॅम वजन धरा. ६० वॉट-अवरच्या जागी ४० ची टाकली की १०० ग्रॅम कमी झाले, पैसेही वाचले आणि जाहिरातीत 'फक्त १.३ किलो' लिहिता आलं. वाचवलेले ते १०० ग्रॅम मग तुम्ही चार्जरच्या रूपात परत उचलता, शिवाय दिवसभर सॉकेट हुडकत बसता. त्यामुळे १.३ किलो आणि ४२ वॉट-अवर यापेक्षा १.४ किलो आणि ६० वॉट-अवर हा सौदा जवळजवळ नेहमीच चांगला. दुसऱ्यात चार्जर घरी ठेवून निघता येतं.

वॉट-अवर म्हणजे काय ते गाडीवरून लगेच कळेल. वॉट-अवर म्हणजे टाकीतलं पेट्रोल आणि लॅपटॉप किती वॉट खातो तो ते संपायचा वेग. टाकीला त्या वेगाने भागा, तास मिळतात. टायपिंग, मेल, एक्सेल, दोन-चार टॅब एवढं काम असलं तर आजचा बरा लॅपटॉप ६ ते ९ वॉट खातो. ४२ वॉट-अवरला ८ ने भागलं की सव्वापाच तास. पण व्हिडिओ मीटिंग सुरू झाली की कॅमेरा, वायफाय, माइक, सगळंच चालतं आणि खाणं १५ वॉटवर जातं. तीच बॅटरी आता पावणेतीन तासांत खलास. साठच्या बॅटरीवर हेच हिशेब अनुक्रमे साडेसात आणि चार तास येतात. दोन-अडीच वर्षांच्या रोजच्या वापरानंतर यातली पाचवा हिस्सा क्षमता गेली असं धरून चाला, म्हणजे ४२ चे झाले ३४. नवीन घेताना जे जेमतेम पुरतंय ते पुढे पुरणार नाही.

कंपनीच्या 'दहा तासांपर्यंत' या वाक्यात 'पर्यंत' हाच महत्त्वाचा शब्द आहे. ती चाचणी बहुधा मंद उजेडावर साठवलेला व्हिडिओ फिरवून केलेली असते. तुमचं काम तसं नसतं. वॉट-अवरचा आकडा मात्र वाकवता येत नाही, तो बॅटरीवरच छापलेला असतो. आणि एक गोम लक्षात ठेवा. एकाच नावाचं मॉडेल लहान आणि मोठ्या अशा दोन बॅटऱ्यांत विकलं जातं. नाव तेच, रंग तोच, खोकंही तेच. फरक असतो तो खोक्यावरच्या लांबलचक मॉडेल नंबराच्या शेवटच्या अक्षरांत. तो पूर्ण नंबर मोबाइलवर टाकून कंपनीच्या साइटवरचा तक्ता दुकानातच उघडा आणि चार ओळी वाचा: वजन, बॅटरी, डिस्प्ले, अडॅप्टर. काउंटरवरचा माणूस जरा चुळबुळ करेल, करू द्या.

आता तो चार्जर हातात घ्या. त्याच्या अंगावर बारीक अक्षरात 'आउटपुट'ची ओळ असते. सी-टाइपच्या चांगल्या चार्जरवर ती अशी दिसते: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर. शेवटच्या जोडीचा गुणाकार करा, २० गुणिले ३.२५ म्हणजे ६५ वॉट. लॅपटॉपला हीच २० व्होल्टची जोडी लागते. चार्जर आणि लॅपटॉप जोडल्यावर आधी आपसात बोलतात, कोण किती देऊ शकतो आणि किती घेऊ शकतो ते ठरतं आणि मग व्होल्टेज चढतं. या बोलण्याच्या नियमांना 'पॉवर डिलिव्हरी', थोडक्यात पीडी म्हणतात. फोनच्या खोक्यातल्या '८० वॉट' चार्जरवर विसंबून राहू नका. त्यातले बरेच त्या कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतात. तिच्याच फोनला ८० वॉट देतात, लॅपटॉप लावला की गप्प बसतात नाहीतर थेंब-थेंब देतात. ओळीत २० व्होल्ट दिसत नसेल तर तो चार्जर लॅपटॉपच्या उपयोगाचा नाही.

सी-टाइपचं भोक दिसलं म्हणजे चार्जिंग होतंच असंही नाही. स्वस्त मॉडेलांत ते पोर्ट कित्येकदा फक्त डेटासाठी असतं आणि चार्जिंगला जुनी गोल पिन. पोर्टशेजारी प्लगचं किंवा बॅटरीचं बारीक चिन्ह, 'पीडी' ही अक्षरं किंवा विजेची खूण शोधा. त्याहून खात्रीचं म्हणजे कुणाचा तरी पीडी चार्जर सोबत न्या आणि लावून बघा. एकच चार्जर फोन, लॅपटॉप, इअरफोन सगळ्यांना चालला की बॅगेतला निम्मा गुंता संपतो. आणि तो कसाऱ्याला गाडीत विसरला तरी सीएसएमटीला उतरून कुठल्याही दुकानात दुसरा मिळतो. गोल पिनवाला हरवला तर त्या दिवसाचं काम बसलं. युरोपीय संघानं २८ एप्रिल २०२६ पासून नवीन लॅपटॉपना सी-टाइप चार्जिंग सक्तीचं केलंय. जगभर विकली जाणारी मॉडेलं देशागणिक वेगळी बनवणं कंपन्यांना परवडत नाही, त्यामुळे गोल पिनेचे दिवस भरत आलेत. आज घेताना तिच्यात पैसे घालू नका.

केबल मात्र अंगावर '१०० वॉट' लिहिलेली घ्या, साधी केबल ६० वॉटच्या पुढे जात नाही. दोन पोर्टांचा ६५ वॉट चार्जर असेल तर दोन्हींत काहीतरी लावल्यावर लॅपटॉपच्या वाट्याला साधारण ४५ येतात हेही माहीत असू द्या.

पॉवर बँकेबद्दल हमखास विचारणा होते. २०,००० एमएएच हा आकडा ३.७ व्होल्टचा आहे, म्हणजे ७४ वॉट-अवर. व्होल्टेज चढवताना काही ऊर्जा उष्णता होऊन जाते, हाती साठच्या आसपास लागतात. लहान लॅपटॉप एकदा भरेल आणि फोनपुरतं थोडं उरेल. पण ती ४५ किंवा ६५ वॉट पीडीची असली पाहिजे, फोनसाठीची २० वॉटवाली नव्हे. आणि तिचंच वजन चार-पाचशे ग्रॅम. हलका लॅपटॉप घेऊन सोबत पॉवर बँक बाळगायची असेल तर आधीच मोठ्या बॅटरीचा का घेतला नाही, हा प्रश्न उरतोच. ओझरहून विमान धरणाऱ्यांनी ती हातातल्या सामानात ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. १०० वॉट-अवरची मर्यादाही विमानातलीच, पण आपल्या किमतीतले लॅपटॉप तिच्या आसपासही जात नाहीत.

सॉकेटच्या भरवशावर राहू नका हे प्रवास करणाऱ्याला सांगायची गरज नाही. वंदे भारतमध्ये सीटपाशी सॉकेट आहे, ती गोष्ट वेगळी. सकाळच्या गर्दीच्या गाडीत बसायला मिळालं हेच खूप. शिवाय इगतपुरी सोडून घाटातले बोगदे लागले की नेटवर्क जातं. म्हणून सगळं काम ब्राउझरमध्येच चालणारे स्वस्त क्रोमबुक या मार्गावर मला फारसे पटत नाहीत. घ्यायचेच असतील तर फायली ऑफलाइन ठेवायची सोय आधी चालू करून घ्या.

स्क्रीनबद्दल दुकानात 'फुल एचडी आहे' एवढंच सांगतात. ते हल्ली सगळेच असतात. विचारायचं ते निट्स, म्हणजे उजेड किती. स्वस्त लॅपटॉपांत २५० निट्स असतात. घरात ट्यूबलाइटखाली पुरेसे. खिडकीशेजारच्या सीटवर किमान ३०० हवेत, उघड्यावर काम असेल तर ४०० आणि त्याहून वर. भर उन्हात कुठलाच साधा लॅपटॉप नीट दिसत नाही, तो हट्ट सोडा. स्क्रीन चकाकणारा नको, मॅट हवा, नाहीतर दुपारी त्यात स्वतःचं तोंडच जास्त दिसतं.

दुसरी ओळ रंगांची. '४५ टक्के एनटीएससी' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर समजा की रंग धुवून काढल्यासारखे दिसणार. एक्सेलवाल्याला चालून जाईल. पण ऑक्टोबर छाटणीनंतर बागेतल्या पानांचे फोटो शेडमध्ये बसून शेतकऱ्याला दाखवणारा सल्लागार काय करेल? डाऊनी रोगाचा तेलकट पिवळा डाग आणि अन्नद्रव्याच्या कमतरतेनं आलेला पिवळेपणा यांतला फरक असल्या स्क्रीनवर सपाट होऊन जातो. शेतकरी मग स्वतःचा फोन पुढे करतो. "साहेब, याच्यावर बघा, याच्यावर चांगलं दिसतंय." अशा कामाला '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेला स्क्रीन हवा. आणखी एक, स्क्रीनचा आकार १६:१० मिळाला तर घ्या. नेहमीच्या १६:९ पेक्षा तो किंचित उंच असतो, तेवढ्याच रुंदीत चार ओळी जास्त दिसतात. बसमध्ये स्क्रोल करणं कमी होतं.

प्रोसेसरवर मुद्दाम कमी लिहितो, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. ऑफिसच्या कामाला इंटेलचा बाराव्या पिढीचा आय-थ्री १२१५ यू सुद्धा पुरेसा आहे. नावाच्या शेवटचं अक्षर बघा. 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा, 'एच' म्हणजे ताकदवान पण तापणारा आणि बॅटरी पिणारा. प्रवासाला यू. 'एन १००' सारखे एनवाले फार कमी वीज खातात, पण कामातही तसेच बेताचे. दुसरं मशीन म्हणून ठीक, एकुलतं एक म्हणून नको. एएमडीच्या ७००० मालिकेत मात्र एक सापळा आहे. रायझन ५ ७५२० यू आणि रायझन ५ ७५३० यू, फरक एका आकड्याचा. पण त्या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना कुठल्या काळातली ते सांगतो. २ म्हणजे झेन २, २०१९ मधली. ३ म्हणजे २०२० मधली झेन ३. ४ म्हणजे २०२२ मधली झेन ४. शिवाय ७५२० यूमध्ये चारच कोअर, ७५३० यूमध्ये सहा. दोन्हींच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात '५' आणि किंमत बघता बघता जवळपास. इंटेलनंही आता 'आय' काढून टाकून नुसतं 'कोअर ५' केलंय, त्यातले १२० यूसारखे काही आतून जुन्या पिढीचेच आहेत. नव्या नावाचे जास्तीचे पैसे देऊ नका.

रॅमचा प्रश्न एकाच वाक्यात विचारा: "स्लॉट आहे की सोल्डर केलेली?" पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. डकवलेली असेल तर १६ जीबीच घ्या. स्लॉट असेल तर ८ वर सुरू करून पुढे वाढवा. साठवण एसएसडीच हवी. 'ईएमएमसी', म्हणजे स्वस्तातली संथ साठवण, लिहिलेलं दिसलं तर ठेवून द्या. फिरत्या तबकडीची जुनी हार्डडिस्क धक्क्यांनी जाते, प्रवासाला ती मुळीच नको.

पोर्टं कामाप्रमाणे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा संगणक) प्रोग्रामिंग करणाऱ्यांना लॅनचं भोक लागतंच, नसेल तर यूएसबीचं लॅन कन्व्हर्टर बॅगेत हवं. जीएसटी आणि टेंडरवाल्यांचा डिजिटल सहीचा टोकन अजून जुन्या चौकोनी यूएसबीचा असतो. मीटिंगला जाणाऱ्यांना एचडीएमआय. अगदी पातळ मशीनमध्ये दोन सी-पोर्टांपलीकडे काही नसतं आणि मग एक हब आला, त्याचं वजन आलं, तो विसरणं आलं.

याच टोकनवाल्यांनी आणखी एक जपायचं. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉप आलेत. हलके, बॅटरीला जबरदस्त. पण ती चिप वेगळ्या घराण्यातली, आर्मची. नेहमीची बरीच सॉफ्टवेअरं तिच्यावर भाषांतर होऊन चालतात, ड्रायव्हर मात्र चालत नाहीत, ते खास आर्मसाठीच लिहिलेले लागतात. म्हणजे टोकन, जुना प्रिंटर, मशीनला जोडायचं यंत्र यांचे ड्रायव्हर आहेत का ते आधी विचारायचं. मॅकबुक एअरचंही तेच. २०२० च्या एम-१ वाल्याचं वजन १.२९ किलो, आत पंखा नाही, बॅटरी ४९.९ वॉट-अवरचीच पण चिप इतकी कमी खाते की दिवस निघतो. लेखन-वाचन, प्रेझेंटेशन, वेबचं काम असणाऱ्याला चांगला जपलेला वापरलेला एम-१ उत्तम. टॅलीवाल्याला नाही, टॅली मॅकवर थेट चालत नाही.

आणि इथेच वापरलेल्या लॅपटॉपचा विषय येतो. माझ्या मते परवडणारा, हलका आणि मजबूत हे तिन्ही एकत्र मिळायचा तोच एक रस्ता आहे. मोठ्या कंपन्या आपल्या लोकांना थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असले धंद्याचे लॅपटॉप देतात आणि तीन-चार वर्षांनी सगळे एकगठ्ठा काढून टाकतात. नवे असताना लाखाच्या घरातले हे लॅपटॉप मग साफसूफ होऊन 'रिफर्बिश्ड' म्हणून बाजारात येतात. उदाहरण घ्यायचं तर २०१८ चा थिंकपॅड एक्स-१ कार्बन, सहावी पिढी (ही पिढी त्या मॉडेलची, प्रोसेसरची नव्हे): १.१३ किलोपासून पुढे, कार्बन फायबरचा सांगाडा, सी-टाइप चार्जिंग. असलं वजन नव्यात आजही महागच पडतं.

पण प्रोसेसरच्या पिढीची कुऱ्हाड लक्षात ठेवा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. सातव्या पिढीचा लॅपटॉप कुणी बारा हजारांत देऊ केला तर तो स्वस्त नाही. "अकरा टाकून दिलंय साहेब" असं म्हणतील. जुगाड करून टाकता येतं, अपडेट पुढे येत राहतील याची हमी नसते. आठवी पिढी ही किमान, आज घेताना दहावी-अकरावी धरा.

विकणाऱ्यासमोर दोन चाचण्या करायच्या. पहिली बॅटरीची. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' टाइप करा. एक फाइल तयार होते आणि तिचा पत्ता तिथेच दिसतो. उघडल्यावर वरच्या बाजूला दोन आकडे: 'डिझाइन कपॅसिटी', म्हणजे नवी असताना किती, आणि 'फुल चार्ज कपॅसिटी', म्हणजे आता किती मावते. ५७,००० आणि ३१,००० असं दिसलं तर बॅटरी निम्म्यावर आलीय, बदलायचा खर्च किमतीतून कापून मागा. दोन्ही आकडे हुबेहूब सारखे आणि शेजारी सायकल काउंट (किती वेळा चार्ज झाली तो आकडा) शून्य असेल तर बॅटरी बहुधा बदललेली आहे. अस्सल की नकली ते विचारा, फुगलेल्या नकली बॅटऱ्यांनी टचपॅड वर आलेले लॅपटॉप बाजारात दिसतात.

दुसरी चाचणी बहुतेक जण करत नाहीत. मशीन समोरच पूर्ण रिसेट करायला सांगा आणि सुरू होताना आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडा. एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिचा लॉगिन मागितला, तर ते मशीन त्या कंपनीच्या यादीतून अजून काढलेलं नाही. आज कसंबसं चालेल, पुढच्या रिसेटला कुलूप लागेल. मॅकबुकवर हेच काम आधीच्या मालकाचं अ‍ॅपल खातं करतं. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगला, पासवर्ड असेल तर तो काढून घ्या. सी-पोर्टमध्ये केबल घालून हलवा, चार्जिंग तुटता कामा नये. बिजागऱ्या एका बोटानं उघडून बघा. पक्क्या बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.

बजेटचं थोडक्यात. भाव महिन्या-महिन्याला हलतात, त्यामुळे ढोबळच. तीस हजारांच्या आत असाल तर नव्याच्या मागे लागू नका, रिफर्बिश्डच. चाळीसच्या आसपास १४ इंची नवा मिळतो, पण निट्स आणि बॅटरी यांपैकी एकावर पाणी सोडावं लागतं. बागेत काम असेल तर बॅटरी सोडा, गाडीत काम असेल तर निट्स. पन्नास ते साठमध्ये चारही आकडे बऱ्यापैकी जमवता येतात. धंदा जीएसटीत नोंदलेला असेल तर बिल तुमच्या जीएसटी नंबरावर मागा. लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे, पन्नास हजारांच्या बिलात ७,६२७ रुपये कराचे असतात. धंद्यासाठीच्या वापरावर नियमाप्रमाणे त्याचं क्रेडिट मिळतं. लोक घाईत घरच्या नावावर बिल करतात आणि ही रक्कम घालवतात.

वॉरंटीत 'ऑनसाइट' म्हणजे माणूस तुमच्याकडे येतो, 'कॅरी-इन' म्हणजे तुम्ही जायचं. कॅरी-इन असेल तर सेंटर नाशिकमध्येच आहे की मशीन पुण्या-मुंबईला जातं, ते विचारून घ्या. पडणं, सांडणं धरणारं जास्तीचं संरक्षण घरी बसणाऱ्याला मी सुचवत नाही, फिरणाऱ्याला सुचवतो. खोक्यावरच्या 'मिलिटरी ग्रेड'ला भुलू नका. एमआयएल-एसटीडी-८१०एच ही चाचण्यांची एक मोठी यादी आहे, त्यातल्या कुठल्या घ्यायच्या ते कंपनी स्वतः ठरवते. धुळीची चाचणी पास झालेला लॅपटॉप बर्थवरून पडून टिकेल असं कुणी म्हटलेलं नसतं.

आणल्यावर लगेच दोन सेटिंगं करा. एक, डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे आतल्या माहितीला कुलूप, चालू आहे ना ते बघा आणि त्याची 'रिकव्हरी की', म्हणजे किल्ली, कुठल्या खात्यात जमा झाली ते तपासून ठेवा. बॅग ठक्कर बाजार स्टँडवर गेली तर मशीन गेलं, गिऱ्हाइकांची कागदपत्रं तरी जाणार नाहीत. दुसरं झाकणाचं. आजचे विंडोज लॅपटॉप झाकण मिटल्यावर पूर्ण झोपत नाहीत, फोनसारखे अर्धवट जागे राहून मेल आणि अपडेट बघत बसतात. बॅगेत हवा लागत नाही, मशीन तापतं आणि सकाळी ९० टक्के असलेली बॅटरी दुपारी ६० वर आलेली असते. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन 'झाकण मिटल्यावर काय करायचं' तिथे 'हायबरनेट', म्हणजे काम डिस्कवर ठेवून पूर्ण बंद, निवडा. उघडायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतील. मग एका रात्री भरलेला लॅपटॉप मिटून बॅगेत ठेवा आणि सकाळी टक्के बघा. दोन-तीनपेक्षा जास्त उतरले असतील तर ऑनलाइन घेतलेल्याची परत करायची मुदत संपायच्या आत दुकानाला फोन लावा.